गुण नकोत, चूक नोंदवा: तिसरी-चौथीच्या वजाबाकीवरून

पाटीपेन्सिल:
सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचे (वर्गात चालता-चालता होणाऱ्या मूल्यमापनाचे) 60 गुण, संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) 40. नोंदवहीत मात्र पंचवीस लेकरांपुढे 'गणितात रुची आहे, सराव हवा' हेच वाक्य. उद्या कोणाला काय शिकवायचं, हे त्यातून कळत नाही. गुणांऐवजी चुकीचा प्रकार लिहावा. दर शुक्रवारी हातच्याच्या वजाबाकीची पाच गणितं, वीस मिनिटं. 52−27 चं उत्तर 35 आलं, की लेकराने मोठ्यातून लहान वजा केला, 7 मधून 2. त्यांचा वेगळा गट करून काड्यांचे गठ्ठे द्या.

दशकसुटे:
गणितच चुकीचं निवडलंय. हातचा घेतला पण दशक कमी करायचा राहिला, तरी 12−7=5, 5−2=3, म्हणजे पुन्हा 35च! कारणं दोन, उत्तर एक. 53−27 द्या. पहिल्याचं 34 येईल, दुसऱ्याचं 36. पहिल्याला गठ्ठा सोडून 4 गठ्ठे आणि 13 सुट्या काड्या दाखवाव्या लागतात. दुसऱ्याला 5 खोडून वर 4 लिहायची सवय लावली की पुष्कळदा भागतं.

वेचणीचे दिवस:
दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात गट कधी पाडायचे? दिवाळीनंतर घरचे कापूस वेचायला गेले की धाकट्याला सांभाळायला तिसरीतली पोरगी घरीच राहते. सप्टेंबरातला गट डिसेंबरात खोटा ठरतो, पण 'कच्च्यांचा गट' हे नाव वर्षभर चिकटतं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं सगळ्यांनाच काड्या द्या.

पाटीपेन्सिल:
53−27 चं मान्य, माझं गणित चुकलं. पण सगळ्यांना काड्या कशाला? 26 काढणाऱ्याला रोज काड्या मोजायला लावणं म्हणजे त्याचे दहा मिनिटं वाया. गट एका आठवड्याचा आणि एकाच कौशल्याचा ठेवावा. परतलेल्या लेकराला पाटीवर तीन गणितं द्यायची, मग गट ठरवायचा.

मेळघाटवाट:
शाब्दिक उदाहरणावरून तर मुळीच गट पाडू नका. घरी कोरकू बोलणारं लेकरू 'किती उरले' या शब्दांवरच अडतं. आधी तेच आकडे नुसते मांडून द्या. ते बरोबर आणि शाब्दिक चूक असेल, तर अडचण भाषेची आहे. चौथीतल्या कोरकू लेकराकडून प्रश्न वाचून घ्या आणि उत्तर तोंडी ऐका.

वेचणीचे दिवस:
हे पटतं. मात्र शुक्रवारची पाच गणितं त्या 60 गुणांत धरू नका. गुण लागले की लेकरं शेजाऱ्याचं पाहून 26 लिहितात आणि चूक दिसतच नाही. गटांना माझा विरोध कायम आहे.