गोव्यातल्या बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: नववीच्या वर्गाला काय दाखवावं?

डिचोलीच्या_बाई
नववीच्या दोन तुकड्या न्यायच्या आहेत. मुलं सी हॅरियर या लढाऊ जेटपाशी फोटो काढतात नि बाकीच्या विमानांवरून नुसती फिरून येतात. हातात द्यायला प्रश्नपत्रिका करायची आहे. त्यात काय घालू? आधी इमारतीत न्यावं की बाहेर? आणि महिना कुठला बरा?

धावपट्टी_26
आधी बाहेर, आणि तेही सकाळी उघडताक्षणी. विमानं उघड्यावर आहेत, अकरानंतर पत्रा हात लावू देत नाही. ऊन चढलं की इमारतीत जायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सोमवारी बंद असतं, सहलीचा वार ठरवताना तेवढं बघा.

प्रश्नपत्रिकेसाठी एकच सूत्र पुरेल: जहाजावर उतरणारं विमान कसं ओळखायचं? तीन खुणा आहेत: शेपटीखालचा हुक, पंख मिटायची सांध्याची रेघ आणि दणकट चाकं. विमानवाहू जहाजावर उतरताना हुक आडव्या तारेत अडकतो, नाहीतर थांबायला जागाच पुरणार नाही. सी हॉक हे लढाऊ जेट आणि अलिझे हे पाणबुडीशोधक विमान, या दोन्हींवर या खुणा मिळतील. सुपर कॉन्स्टेलेशन या मोठ्या विमानाला हुक नाही, कारण ते किनाऱ्यावरूनच उडायचं. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि 1976 मध्ये नौदलाकडे असा त्याचा प्रवास. चार इंजिनं, प्रत्येकी 18 सिलिंडर, शेपटीला तीन पाती. पंखांचा पसारा सुमारे 37 मीटर, त्यामुळे पूर्ण फोटोसाठी बरंच मागे सरकावं लागतं.

खरी गंमत सी हॅरियरची. ते जहाजावरचंच, तरी हुक नाही आणि पंखही मिटत नाहीत. का, ते मुलांनाच शोधू द्या.

तेल_आणि_पाना
त्याचं उत्तर पोटाच्या बाजूंना आहे. चार फिरत्या नळ्या: पुढच्या दोन पंख्याची थंड हवा सोडतात, मागच्या दोन इंजिनाचा तप्त झोत. त्या खाली वळवल्या की विमान उभं उतरतं, म्हणजे तारेची गरजच नाही. पण तरंगताना वेग नसतो, त्यामुळे पंखाशेपटीच्या हलत्या फळ्या निरुपयोगी ठरतात. म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना हवेच्या छोट्या झोतांची तोंडं ठेवली आहेत. इंजिन मधोमध असल्यामुळे मुख्य चाकं पोटाखाली एका रेषेत आली आणि तोल सांभाळायला पंखांखाली बारीक आधारचाकं द्यावी लागली. पंख उतरवल्याशिवाय हे इंजिन बाहेर निघत नाही. देखभाल करणाऱ्यांच्या शिव्या कोणाला बसत असतील, ते उघड आहे.

मग सी हॉकच्या मागे जा. जेट असून शेपटीला झोताचं तोंड नाही! नळी मध्येच दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर येते. त्यामुळे मागच्या धडात इंधनाला जागा मिळाली.

अलिझेपाशी मुलं हमखास फसतात. पंखांवरच्या दोन फुगवट्यांना ती इंजिनं समजतात. इंजिन एकच, नाकात. फुगवट्यांत चाकं मिटतात आणि पुढच्या भागात पाणबुडी ऐकण्याचे सोनोबॉय असत. रडार पोटातून खाली उतरायचं.

झुवारीपार
कामोव्ह-25 या हेलिकॉप्टरला मागचा छोटा पंखा नाही. एकावर एक दोन मोठे पंखे उलट दिशांना फिरतात आणि एकमेकांचा पीळ रद्द करतात, म्हणून शेपूट आखूड राहिलं. सी किंग हेलिकॉप्टरशी तुलना करायला लावा. शॉर्ट सीलँडही चुकवू नका: 1953 मध्ये नौदलाच्या उड्डाणाची सुरुवात या पाण्याजमिनीवर चालणाऱ्या विमानानं झाली. धडाचा तळ होडीचा आहे नि चाकंही आहेत.

गोव्याच्या मुलांना आणखी एक सांगा. गोवामुक्तीच्या कारवाईत 18 डिसेंबर 1961 ला कॅनबेरा बॉम्बर विमानांनी इथल्याच दाबोळी विमानतळाची धावपट्टी फोडली, आणि अलिझे त्या वेळी समुद्रातल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर होती.

वाट: पणजी, आगशी, झुवारी पूल, कुठ्ठाळी, चिखली, बोगमाळो. उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ धरून हिशेब करणाऱ्या पाहुण्यांना ही दोन टोकं आहेत, हे आधीच सांगा. पंखांच्या कडा मुलांच्या कपाळाच्या उंचीवर येतात, त्यामुळे विमानांखाली धावाधाव नको. शेजारी आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, कॅमेरा तिकडे वळवू नये, ड्रोन तर आणूच नये.

डिचोलीच्या_बाई
उत्तम. हुकाचा प्रश्न पहिला टाकते. दोन तास पुरतील का?

धावपट्टी_26
बाहेर दीड तास धरा, आत एक. डबे गाडीतच ठेवा.