खिशातला चाकू: पैसे कशाचे मोजायचे, धारेचे की डौलाचे?

रानकरवंद

मागच्या रविवारी राजमाचीच्या वाटेवर, कोंडाणे लेण्यांपाशी डबे उघडले. मित्राने मोठ्या कौतुकाने नवा घडीचा चाकू काढला. टायटॅनियमची मूठ, पावडर पोलादाचं पातं, अमेरिकेतल्या भावाकडून मागवलेला. किंमत चारशे डॉलरच्या वर. सफरचंदावर ठेवून दाबला. पातं निम्म्यापर्यंत गेलं आणि सफरचंद 'टक्' करून दुभंगलं. कापलं नाही हो, फुटलं. मग मी माझा १,८०० रुपयांचा लाकडी मुठीचा ओपिनेल उघडला आणि उरलेल्या अर्ध्याच्या फोडी केल्या, पापडासारख्या.

तर माझं म्हणणं सरळ आहे. दोन हजारांच्या पुढे जे पैसे आपण मोजतो, ते कापण्याचे नसतात.

कारण पात्याची जाडी. माझं पातं पाठीशी पावणेदोन मिमीसुद्धा नाही, मित्राचं ४ मिमी. त्याला तुम्ही वस्तऱ्यासारखी धार लावा, धारेच्या मागे पाचरच येते. ओपिनेल १८९० पासून फ्रान्सच्या साव्हुआ भागात बनतोय. बीचची मूठ, पातं, एक खिळा, आणि १९५५ पासून पातं जागेवर धरणारी फिरती कडी. संपला चाकू. तेवढ्यात काम होत असेल तर बाकीचं कशाला?

नटबोल्ट

एका वाईट चाकूवरून सगळ्या महागड्यांना झोडपताय. ४ मिमीचं पातं सफरचंद फोडणारच, तो घेणाऱ्याचा दोष. क्रिस रीव्ह या चाकूकाराचा सेबेंझा कधी हातात घेतलाय? पाठीला सव्वातीन मिमीच्या आतबाहेर, पण बाजू आतून पोकळ घासलेल्या, त्यामुळे धारेपाशी पातळ. झुलू भाषेत 'सेबेंझा' म्हणजे काम. नावातच आहे, शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही ती.

त्याचं कुलूप बघा. वेगळी पट्टी नाही, मुठीचीच एक बाजू चिरून तिला स्प्रिंग केलंय. पातं उघडलं की ती आपोआप मागे येऊन बसते. तुम्ही जितकी घट्ट मूठ धरणार तितकं कुलूप पक्कं. शिवाय सगळा चाकू घरी खोलता येतो. कोकणातून आल्यावर वाळू धुवायची, तेलाचा थेंब, परत जोडायचा. माझ्याकडे अकरा वर्षं आहे, पातं तसूभर हलत नाही. तुमच्या कडीत धूळ गेली की ती करकरते, आणि लाकूड ओलं झालं की फुगून पातं बाहेरच येत नाही.

रानकरवंद

फुगतं, मान्य. म्हणून तर साव्हुआच्या लोकांनी युक्ती काढली. कडी सैल करायची आणि मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, पातं डोकं वर काढतं. या आपटण्याला तिकडे त्या मुलखाचंच नाव आहे! पावसाळ्याआधी सांध्यात जवसाचं तेल मुरवलं की आपटायचीही फारशी गरज पडत नाही.

आकडीकोयती

वाचून करमणूक झाली. आमचे आजोबा कमरेला आकडी बांधायचे, आकडीत कोयती. झावळ्या, नारळ, कुंपणाचा निवडुंग, सगळं तिनेच. चंचीत अडकित्ता. तुम्ही ज्याला 'एव्हरीडे कॅरी' (रोज सोबत बाळगायची वस्तू) असं इंग्रजी नाव देऊन मिरवता ते आमच्याकडे पंचा नेसलेला माणूस रोज करत होता.

पण मुद्द्याचं बोलतो. तुम्ही दोघंही चाकूच्या नावावर भांडताय आणि पात्याला दिलेल्या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. आमचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याची कोयती करायचा. पोलाद एकच, पण त्याच्या हातची वर्षभर धार धरायची आणि बाजारातली महिन्यात वळायची. तापवून कधी बुडवायचं आणि मग किती उतरवायचं, सगळं तिथे. पात्यावर कोरलेलं अक्षर वाचून चाकू घेणं म्हणजे पत्रिका बघून सून आणणं.

नटबोल्ट

पाण्याचं शंभर टक्के मान्य. पण पोलादाचं नाव अगदीच फुकट नाही. स्विस चाकूचं पातं कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास ठेवतात, मुद्दामच, म्हणजे कोणालाही धार लावता यावी. उलट एस-३०-व्ही हे पोलाद घ्या, अमेरिकेत खास चाकूंसाठी काढलेलं. त्यात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम हा धातू. ते कार्बनशी जुळून जे कण बनतात ते कुरुंदापेक्षाही कठीण. म्हणून दोर, पुठ्ठा कितीही कापा, धार टिकते.

रानकरवंद

आणि म्हणूनच ती परत लावता येत नाही! तुम्हीच म्हणालात, कण कुरुंदाहून कठीण. घरातला धारेचा दगड कशाचा असतो? कुरुंदाचाच. मग हिऱ्याची पट्टी आणा, कोन धरायचं यंत्र आणा. माझं कार्बन पोलाद, चहा उकळेपर्यंत दगडावर दहा हात मारले की अंगठ्यावरचे केस काढतं.

नटबोल्ट

लावता येत नाही असं नाही, वेळ लागतो. हिऱ्याची पट्टी एकदा घ्यायची, आयुष्यभर. आणि तुमच्या कार्बन पोलादाने कैरी चिरून बघा, मग बोलू.

रानकरवंद

बघितलीय. पहिल्या दोन फोडींच्या कडा काळसर पडतात आणि जिभेला पैसा चाटल्यासारखी चव येते. पुसून ठेवलं नाही तर दुपारपर्यंत पात्यावर निळा-करडा नकाशा. महिनाभराने तो डाग पक्का बसला की मग त्रास कमी. ज्याला हे नको त्याने ओपिनेलचंच गंज न धरणारं पातं घ्यावं, किमतीत फार फरक नाही. डी-२ नावाच्या पोलादाच्या मात्र नादी लागू नका. १२ टक्के क्रोमियम वाचून, म्हणजे गंजणार नाही असं समजून, लोक फसतात. त्यातलं बरंचसं कार्बनने गिळलेलं असतं, मुंबईच्या जुलैत त्यावर तांबडे ठिपके हमखास.

नटबोल्ट

ते दुखणं ओळखूनच २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने मॅग्नाकट नावाचं पोलाद काढलं. क्रोमियम ११ टक्क्यांच्याही खाली, पण कार्बनच्या तावडीत जाऊच दिलं नाही, सगळं गंज रोखायला मोकळं. समुद्रकाठी राहणाऱ्याला याचे जास्त पैसे द्यावेसे वाटले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

पेठेतली_मावशी

तुम्ही तिघं आठवड्यात नक्की काय कापता? कुरिअरचे खोके आणि दुधाच्या पिशव्या. त्याला व्हॅनेडियम?

माझ्या पर्समध्ये लाल स्विस चाकू आहे, एकोणीस वर्षं. पातं सगळ्यात कमी वापरलंय. जास्त वापर कात्रीचा, मग चिमट्याचा. शिवाय तो बाहेर काढला की समोरचा दचकत नाही. तुमचा टायटॅनियमवाला एका हाताने खटकन उघडतो ना, मंगलकार्यालयात हाराचा दोरा कापायला एकाने तो उघडला तर नवरीची आजी दोन पावलं मागे सरली. आपल्याकडे खटकन उघडणारा चाकू म्हणजे रामपुरी, हे डोक्यात पक्कं आहे. चाकूच्या रचनेत हेसुद्धा धरा.

जाता जाता, स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने २०२४ मध्ये सांगितलं की पातं नसलेल्या नमुन्यांवर त्यांचा विचार चालू आहे. मला चालेल.

काळाकोट

मावशींच्या मुद्द्याला कायद्याची जोड. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या यादीत आहेत, घरकाम-शेतीसाठी बनवलेले वगळून. तुमचे सगळे त्याखाली. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की 'माझं पातं लहान आहे' हा बचाव लंगडा पडतो. सणासुदीला, निवडणुकीत घरी ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत तर नाहीच, मग तो १,८०० चा असो की चारशे डॉलरचा.

आकडीकोयती

काळाकोट, आजोबांच्या कोयतीला परवाना?

काळाकोट

शेतीचं अवजार. नारळावर चढा, निवांत. एसटीत कमरेला लावून फिरू नका.

रानकरवंद

धागा भलतीकडे जायच्या आत एक कबुली. मित्राला म्हटलं, चाकू दे, पातं धारेपाशी पातळ करून आणतो, मग बघ कसा कापतो. काल सायकलवरचा धारवाला दारावर आला, त्याच्याकडे दिला. त्याने साणेवर धरला. ठिणग्या उडाल्या, थोड्याच. पाच मिनिटं पायडल मारून त्याने पातं डोळ्यांपाशी नेलं, मग साणेवर बोट फिरवलं. साणेला खाच पडली होती. 'साहेब, हे कसलं लोखंड?' म्हणाला. परत जोर लावून धरला, आणखी दहा मिनिटं. शेवटी पैसेच घेतले नाहीत.

नटबोल्ट, कणांचं तुमचं म्हणणं पटलं.

आकडीकोयती

ते राहू दे. जोर लावून धरला म्हणतोस, मध्ये पाण्यात बुडवत होता का? पातं कुठे निळं पडलंय का बघ. निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं.

रानकरवंद

टोकाशी, नखाएवढं. मित्राला अजून दाखवलेलं नाही.