कोंबडी सारखी अंड्याला बसते, पण अंडं येत नाही, खाणंही बंद. आज रात्री घरी काय करावं?

परसदार_सातारा

आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) क्रॉस कोंबडी, वय तीन वर्षं, वजन अंदाजे 2 किलो. परवा सकाळपासून खोक्यात जाऊन बसते, उठते, पुन्हा बसते. उभी राहिली की शेपटी खाली आणि अंग ताठ उभं. पिसं फुलवलेली, तुरा फिकट. शीट थोडी, पांढरी पाण्यासारखी, मागच्या पिसांना चिकटलेली. आधीची दोन अंडी पातळ कवचाची होती. दाणे टिपून खाली टाकते, पाणी थोडं पिते. खाद्य गहू, बाजरी आणि घरातला भाजीपाला. बाकीच्या चार कोंबड्या ठणठणीत आहेत. दवाखान्यात पक्षी बघणारे डॉक्टर उद्या दुपारी येणार आहेत. तोवर काय करावं आणि काय करू नये?

खुराडं

लक्षणं अंडं अडल्याची वाटतात, पण नक्की होईपर्यंत आधी ऊब. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. आजारी कोंबडी पिसं फुलवून बसते तेव्हा उरलीसुरली ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते. पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, खाली जुना टॉवेल घाला, आत 30 अंशांच्या आसपास ऊब ठेवा. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून एकाच कडेला ठेवा, म्हणजे उकडलं तर तिला दुसऱ्या कडेला सरकता येईल. बल्ब लावणार असाल तर जुना तारेचा 60 वॅटचा हवा, एलईडी गरम होत नाही. चोच उघडून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली. खोका अंधारा आणि शांत जागी ठेवा.

मग तपासणी. एकाने तिला मांडीवर पंखांसकट नीट धरायचं. दुसऱ्याने हातमोजा घालून बोटाला भरपूर व्हॅसलीन लावायचं आणि गुदद्वारातून सरळ, हळूहळू साधारण 5 सेंटिमीटर आत जायचं. अंडं अडलं असेल तर बोटाला कवचाचा कडक गोल लागतो. पातळ कवचाचं असेल तर मऊ पिशवीसारखं लागतं, तेव्हा जास्तच जपा. बाहेरून पोट चाचपून कळेलच असं नाही.

लागलं तर कोमट पाण्यात बसवा. पाणी 38 ते 40 अंश, कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल इतपत, पोट बुडेल एवढंच खोल. 15-20 मिनिटं, गार झालं की गरम घालत. नंतर पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी रात्री गारठली तर आंघोळीचा फायदा तिथेच संपला. व्हॅसलीन पुन्हा लावून खोक्यात ठेवा.

कॅल्शियम आजच द्या. डी3 असलेली 500 मिलीग्रॅमची गोळी, दिवसाला एक. पूड करून थोड्या पाण्यात कालवून चोचीच्या कडेने थेंब थेंब. अंड्याचं कवच बनायला साधारण 20 तास लागतात आणि त्यात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. गर्भाशयाच्या स्नायूंना अंडं बाहेर ढकलायलाही कॅल्शियमच लागतं. त्यामुळे आधीची पातळ अंडी आणि आताचं अडणं, दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. गहू-बाजरीत कॅल्शियम नावापुरतं असतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते 3.5 ते 4 टक्के लागतं. कमी पडलं की ती ते स्वतःच्या हाडांतून काढते.

एक कळकळीची विनंती: पोट दाबून अंडं बाहेर काढू नका, आतल्या आत फोडूही नका. कवचाचे तुकडे अंड्याच्या नळीला कापतात आणि आतला बलक पोटात गेला की तिथे जंतू वाढतात. तसंच गुदद्वारात पिचकारीने तेल मारू नका.

पिसारा_७

खायला घालण्याआधी गळ्याखालची पिशवी, म्हणजे क्रॉप बघा. तपासायची वेळ पहाटेची, दाणा-पाणी देण्याआधी. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही भरलेली, फुग्यासारखी मऊ असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत बुरशी झाली असते, त्याचं औषध डॉक्टरच देतात. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर गवत किंवा चारा अडकलाय. दोन्ही वेळा वरून अन्न ढकललं तर ते आतच सडतं. कोंबडीला उलटी धरून क्रॉप रिकामा करायचा जो सल्ला फिरतो तो पाळू नका. पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच जाते.

क्रॉप रिकामा असेल तर आधी फक्त पाणी. ओआरएसचं पाकीट 1 लिटर पाण्यात, कोमट करून. किलोमागे दिवसाला किमान 50 मिली, म्हणजे तुमच्या कोंबडीला 100 मिली तरी. सुकलेली असेल तर जास्त लागेल. चोचीच्या कडेवर थेंब ठेवला की ती स्वतः गिळते. घशात ओतायचं नाही, कारण श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे उघडं असतं.

गिळतच नसेल तर नळी. बाळांना दूध पाजायची 10 नंबरची फीडिंग ट्यूब आणि 20 मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते. चोचीपासून क्रॉपच्या तळापर्यंत नळी बाहेरून मोजून खूण करा. मान सरळ वर धरा. नळी कोंबडीच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून आत घालून घशाच्या उजव्या बाजूने खाली न्या, कारण क्रॉप तिच्या उजवीकडे असतो. जोर लावायचा नाही. मानेवर बोटं ठेवल्यावर दोन नळ्या हाताला लागल्या पाहिजेत, एक तिची श्वासनळी आणि एक तुमची ट्यूब. एकच लागली तर लगेच बाहेर काढा. पहिल्या वेळी 20-30 मिली पुरे, क्रॉप रिकामा झाला की पुढचं. बाहेर काढताना नळी दुमडून धरा, नाहीतर शेवटचे थेंब श्वासनळीत पडतात. हे आधी कोणाकडून तरी प्रत्यक्ष बघून घेतलेलं बरं. अंगात पाणी भरल्यावरच पातळ खाद्य द्यायचं.

परसदार_सातारा

बोटाला अंडं लागलं नाही. पहाटे क्रॉप रिकामा होता. पण दोन पायांच्या मध्ये पोट खाली लोंबतंय, हाताला पाण्याच्या पिशवीसारखं. छातीचं हाड मात्र धारदार लागतंय. ओआरएस 60 मिली गेलं.

पशुवैद्यक_सह्याद्री

मग हे साधं अडलेलं अंडं नसावं. पोटात पाणी आणि छातीवरचं मांस गेलेलं, तीन वर्षांची अंड्यावरची कोंबडी. तीन शक्यता आधी येतात: बलक अंड्याच्या नळीत न जाता पोटात पडून झालेला संसर्ग, अंडाशयाची गाठ, किंवा यकृताचा आजार. कोमट पाण्यात बसवणं थांबवा, त्याने आता फक्त थकेल. ऊब आणि ओआरएस चालू ठेवा. उताणी झोपवू नका, पोटातल्या पाण्याने हवेच्या पिशव्या दबून श्वास कोंडतो.

आज डॉक्टर सुईने पाणी काढतील. ते एकदम सगळं काढत नाहीत, रक्तदाब पडून पक्षी कोसळू शकतो. पाणी पिवळं गढूळ आणि वासाचं असेल तर संसर्ग, आणि प्रतिजैविकाला दाद मिळण्याची शक्यता राहते. स्वच्छ पाणी पुन्हापुन्हा भरत असेल तर बहुधा गाठ किंवा यकृत, तिथे फार उपाय नाही. प्रतिजैविक पिण्याच्या भांड्यात मिसळू नका. आजारी कोंबडी कमी पिते, म्हणजे औषधही कमी जातं. मोजून तोंडातून द्या. घरात जुनी कोलिस्टीनची पूड असेल तर ती वापरू नका, 2019 पासून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी आहे. अंडी आली तर औषधाच्या काळात आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढेही खाऊ नका.

वेदनेसाठी माणसांची गोळी अजिबात नको. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि ती मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर 2023 मध्ये आली. डायक्लोफिनॅक कोंबडीच्या मूत्रपिंडालाही घातक आहे. मेलॉक्सिकॅम चालतं, पण मात्रा वजन बघून डॉक्टरच ठरवतील.

बरी होत असेल तर काही आठवडे अंडी थांबवायचा प्रयत्न करा. रोजचा उजेड 8-9 तासांवर आणा, खोक्यात अंडी साठू देऊ नका.

खुराडं

बाकी चौघींबद्दल. मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं, हिरवट पांढरी हगवण आणि श्वासाला घरघर, असं कोणातही दिसलं तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घ्या. त्यावर इलाज नाही, फक्त लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ, साधारण चार आठवड्यांनी लासोटा पुन्हा, आणि 6 ते 8 आठवड्यांना आर2बी टोचून. एकाएकी दोन-तीन मेल्या, तुरे निळे पडले, डोकं सुजलं तर हात लावू नका आणि 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर कळवा. तोवर काम निरोगी कोंबड्यांचं आधी, आजारीचं शेवटी. चप्पल वेगळी, हात साबणाने.

चौघींना लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) सुरू करा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या अंड्यावर आहेत त्या लागेल तेवढा टिपतात. खाद्यात मिसळू नका. अंड्यावर नसलेल्या तलंगांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

परसदार_सातारा

डॉक्टरांना नेताना काय सांगू? आणि उपाय नसेल तर कधी थांबायचं?

पशुवैद्यक_सह्याद्री

शेवटचं अंडं कधी, कवच कसं, आधीचं आणि आताचं वजन, खाद्य, दिलेली औषधं, आणि ताजी शीट प्लास्टिकच्या डबीत. नेताना झाकलेली टोपली, खाली टॉवेल, कडेला गरम पिशवी.

थांबण्याबद्दल: पाणी काढल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा तेवढंच भरतंय, उभं राहवत नाही, टेकल्याजागी डोळे मिटून आहे आणि आवडीचं खाणंही नाकारतेय, असं एकत्र आलं की डॉक्टरांना इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवायला सांगा. तिचा त्रास लांबवणं ही काळजी नव्हे. ती गेली आणि कारण कळायला हवं असेल, बाकी चौघींसाठी ते उपयोगी आहे, तर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात शवविच्छेदनाची चौकशी करा. शरीर दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गोठलं की आतले अवयव तपासण्याजोगे राहत नाहीत.