सोलोत इंधनाचा हिशेब सात गॅलनांनी चुकला. कुठे चुकलं?

मंडळी, मदत हवी आहे. ह्यूस्टनजवळ खाजगी वैमानिकाचा परवाना घेतोय. शनिवारी लांबची सोलो क्रॉस कंट्री केली, म्हणजे इंस्ट्रक्टरशिवाय एकट्याने दूरच्या विमानतळांवर जाऊन आलो. विमान क्लबचं सेसना १७२ एन. टाक्या काठोकाठ ४३ गॅलन, त्यातले वापरता येतात ४०. तासाला साडेआठ धरले होते, उड्डाण २.६ तासांचं. म्हणजे २२ जाणार, १८ उरणार, दोन तासांची निश्चिंती. परत आल्यावर टाक्या भरल्या तर पंपावर आकडा २९! उरले होते ११, जेमतेम तासभर.

नियमात बसलं, दिवसा अर्ध्या तासाचं राखीव लागतं. पण वाटेत ढग आले असते तर मी 'दोन तास आहेत' म्हणत खुशाल वळसा घेतला असता. रात्रभर तेच डोक्यात.

काटे? डावा पावाच्या जरा वर, उजवा पावाखाली. लक्ष दिलं नाही, कारण सगळेच म्हणतात १७२चे काटे खोटं बोलतात. निघताना पंखावर चढून टाक्यांची झाकणं काढली होती. निळं पेट्रोल दिसलं, बोट घातलं तर टोकाला लागलं. टाकीत बुडवून इंधन मोजायची नळी पिशवीत नव्हती. मिक्स्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते) पूर्ण रिच, म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोल, कारण ३००० फुटांखाली मिक्स्चरच्या लाल नॉबला हात लावायचा नाही असं शिकवलंय आणि मी २५०० वर होतो.

गळती असेल का? क्लबला कळवू, की माझंच चुकलंय?

प्रतिसाद १
आधी पंखाखाली निळे डाग बघा. नसतील तर गळती विसरा. साडेआठचा आकडा मिक्स्चर लीन केल्यावरचा, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केल्यावरचा आहे. रिचवर टॅक्सी (जमिनीवरून विमान चालवत नेणं), चढण धरून तासाला दहा सहज जातात, झाले २६. उरलेले तीन टाकीत नव्हतेच. टाकी उथळ आणि पसरट, बोट बुडेपर्यंतची रिकामी जागा कमी वाटते, कमी नसते. पंच्याहत्तर टक्के किंवा कमी पॉवरवर कुठल्याही उंचीला लीन करता येतं, मॅन्युअलमध्येच आहे. आणि काटा हिशेबापेक्षा कमी दाखवत असेल तर काट्याचं ऐकायचं.

प्रतिसाद २
लाज वाटून घेऊ नका. एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१७च्या इशाऱ्यानुसार अमेरिकेत इंधनाच्या गलथानपणाने वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त अपघात, त्यात विद्यार्थी फक्त २ टक्के. जवळपास निम्मे कमर्शियल किंवा त्यावरचा परवाना असलेले!
पुढे पायपर चेरोकी घ्याल तर तिला १७२सारखं दोन्ही टाक्यांतून एकदम इंधन घेणारं 'बोथ' नाही, टाकी आठवणीने बदलावी लागते. गायक जॉन डेन्व्हर १९९७ला माँटेरेजवळ गेला, त्याच्या लाँग-ईझी या छोट्या विमानात टाकी बदलायचा कॉक डाव्या खांद्यामागे होता. मागे वळताना पाय रडरच्या (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर दाबला गेला असावा, असं तपासात निघालं. चालत्या चेतक स्कूटरवर वाकून रिझर्व्ह लावताना हँडल कसं हलायचं, आठवतंय ना?

धागाकर्ता
डाग नाहीत. नळी स्वतःची घेतली. इंस्ट्रक्टरांना मॅन्युअलचं पान दाखवलं, ते दोनदा वाचून म्हणाले, "मलाही तसंच शिकवलं होतं."