उसाच्या गाडीचे बैल आणि कायद्याचे विद्यार्थी : चर्चा (प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

तिसरे वर्ष

आमच्या विधी महाविद्यालयात प्राणी कायदा कक्ष सुरू करावा, असा प्रस्ताव आम्ही काही विद्यार्थ्यांनी मांडला आणि शिक्षकांत दोन तट पडले. ज्या जिल्ह्यात कच्चे कैदी जामिनाअभावी खितपत पडले आहेत, तेथे विद्यार्थ्यांनी बैलांच्या मागे लागणे ही चैन आहे, असे एका प्राध्यापकांनी सुनावले. मला ते पटले नाही. का पटले नाही, ते मांडतो आणि विरोधी मतेही ऐकू इच्छितो.

गेल्या फेब्रुवारीत मी एका साखर कारखान्याच्या फाटकाशी दोन दिवस उभा होतो. फाटकापूर्वी डांबरी रस्त्याला छोटासा चढ आहे आणि रस्त्यावर सांडलेल्या पाचटामुळे बैलांचे खूर घसरतात. उसाने शिगोशीग भरलेली एक टायरगाडी त्या चढावर अडली, डाव्या अंगाचा बैल गुडघ्यांवर आला, आणि तो उठला तेव्हा त्याच्या मानेवर जू बसते तेथे लिंबाएवढी खांदेसूज फुटून ओघळत होती. मी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अंमलदारांनी शांतपणे सांगितले की गुन्हा अदखलपात्र आहे, नोंद करून घेतो, पुढे तुम्ही दंडाधिकाऱ्यांकडे जा.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे चुकले नव्हते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा आहे आणि त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. त्या कलमाखालील मोजकेच प्रकार दखलपात्र आहेत, आणि खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल झाला नाही तर कलम ३६ नुसार तो दाखलच होत नाही. मात्र याच अधिनियमाखाली ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेले नियम मी वाचले आणि चकित झालो. बैल लहान की मोठा, गाडीची चाके कोणत्या प्रकारची, यावरून किती भार घालावा याचा तक्ता त्यांत आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, पारा ३७ अंशांच्या वर जातो त्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही, टोकदार खिळ्याची पराणी वापरायची नाही, हे सगळे तेथे स्पष्ट लिहिले आहे. पावणेदोन किलोमीटरच्या रांगेत उभ्या असलेल्या एकाही माणसाला हे नियम ठाऊक नव्हते. मलाही आतापर्यंतच्या अभ्यासक्रमात ते कोणी शिकवले नव्हते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यातले चार आठवडे येथे दिले तर बिघडले कुठे?

धारूरकर

बिघडते ते आमचे. माझे आईवडील तेवीस हंगाम ऊसतोडीला गेले आणि आजही जातात. मी शिकलो, नोकरीला लागलो, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आपण ज्या बैलाची मान पाहिली, त्याच्या मालकाची पाहिली का? गाडी सेंटरचा, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारा, मजूर दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघतो, बैलजोडी स्वतःची किंवा कर्जाची असते, आणि मजुरी टनावर मिळते. गाडीत ऊस कमी भरला तर उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी तीच उचल डोक्यावर घेऊन त्याच मुकादमाकडे जावे लागते. रात्री कोपीसमोर (पाचटाच्या झोपडीसमोर) माझे वडील आधी बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) टाकतात आणि मग भाकरीला बसतात. आपल्या कायद्याच्या भाषेत ते आरोपी होतील.

दंड पन्नास रुपये आहे म्हणून हसू नका. खरी शिक्षा निराळी आहे. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना जनावर पांजरपोळात किंवा गोशाळेत ठेवता येते आणि त्याच्या चाऱ्याचा खर्च मालकावर बसतो. हंगामाच्या मध्यावर जोडी गेली तर ते कुटुंब संपले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल विकण्याची वाट आधीच बंद झाली आहे. तेव्हा आम्हाला विचारायला कोणी विद्यार्थी आला नव्हता. जनावरांविषयीचा प्रत्येक कायदा शेवटी गावातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाच्या अंगावर येतो, हा आमचा अनुभव आहे.

परळकर

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्याच निकालात गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेश सरकारला दिला होता. प्राणी आणि माणूस एकाच निकालात सामावू शकतात. ते पुनर्वसन प्रत्यक्षात किती वेळेवर झाले, हा मात्र वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला विषय आहे.

तालुका न्यायालय

मी बावीस वर्षे प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो. या उत्साहाला विरोध करणाऱ्यांत मी मोडतो, पण माझे कारण निराळे आहे.

प्राणी कायदा म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सर्वोच्च न्यायालय उभे राहते. जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घालणारा २०१४ चा नागराज निकाल ते मूट कोर्टात (सरावाच्या न्यायालयात) तोंडपाठ म्हणून दाखवतात, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या कायम ठेवल्या हे सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो. नांदणी मठाच्या हत्तिणीचे प्रकरण जुलै २०२५ मध्ये गाजले, तेव्हा माझ्याकडच्या तीन प्रशिक्षणार्थींना त्यावर लेख लिहायचा होता. त्यांपैकी एकालाही खासगी फिर्याद लिहिता येत नव्हती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २२३ नुसार आता दंडाधिकारी आरोपीला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय दखल घेत नाहीत, हेही त्यांना माहीत नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. गाडीवानावर फिर्याद करणे सोपे आहे, कारण तो समोर सापडतो, आणि सोपे आहे म्हणूनच तेवढे होते. अधिनियमाचे कलम ३८(३) मात्र नियम मोडणाऱ्याबरोबर त्याला अपप्रेरणा (गुन्ह्यासाठी चिथावणी किंवा साह्य) देणाऱ्यालाही शिक्षा सांगते, १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जो कारखाना जादा भरलेली गाडी रोज स्वतःच्या काट्यावर तोलून घेतो, त्याच्याकडे या कलमाने बोट दाखवता येईल का, हा खरा प्रश्न आहे. नुसता ऊस उतरवून घेतला म्हणजे अपप्रेरणा होत नाही. हेतुपुरस्सर साह्य सिद्ध करावे लागेल. ते चार आठवड्यांचे काम नव्हे.

तिसरे वर्ष

साहेब, कलम ३८(३) मी वाचले होते आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता, हे कबूल करतो. धारूरकरांचा आक्षेपही मला खोडता येत नाही. मी ठाण्यात गेलो तेव्हा माझ्या अर्जात एकच नाव होते आणि ते गाडीवानाचे होते. तो अर्ज आज मी तसा लिहिणार नाही.

पण यातून विद्यार्थ्यांनी या विषयापासून लांब राहावे असे निघत नाही. काट्याची पावती पाहा. तिच्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, भरलेले वजन आणि रिकामे वजन छापलेले असते. नियम मोडला जात असल्याची लेखी नोंद कारखाना स्वतःच दर खेपेला करून देतो! एका हंगामातील काही शे पावत्या गोळा केल्या, त्या १९६५ च्या तक्त्याशेजारी ठेवल्या, तर भार ही एखाद्या निर्दय गाडीवानाची करणी नसून ठरलेली पद्धत आहे, हे दिसेल. असे काम कोणता व्यवसायी वकील फी न घेता करेल? विद्यार्थी करू शकतात. कैद्यांच्या जामिनाचे काम याने अडत नाही. आमच्या वर्गातील जे विद्यार्थी कारागृहात जात नाहीत, ते या कक्षातही येणार नाहीत.

तालुका न्यायालय

पावतीची कल्पना चांगली आहे, पण ती पावती कोणाच्या खिशात असते? सहकारी कारखान्याकडून माहिती अधिकारात ती मिळवणे अवघड आहे, कारण सहकारी संस्था सरसकट त्या कायद्याखाली येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. म्हणजे ती गाडीवानाकडूनच घ्यावी लागेल, आणि ती देताना तो स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देत असेल. माफीचा साक्षीदार करण्याची सोय एवढ्या लहान गुन्ह्यांना नाही. तेव्हा फौजदारी वाट सोडा. गाळप परवाना दर हंगामाला साखर आयुक्तांकडून मिळतो. त्या परवान्यात टायरगाडीच्या भरतीची (भाराची) मर्यादा अट म्हणून घालावी, असे निवेदन पुण्यात द्या आणि ते फेटाळले किंवा दाबून ठेवले तर उच्च न्यायालयात जा. पावत्यांवरील नावे झाकून जोडता येतील.

धारूरकर

भरतीला मर्यादा घातली आणि दर तोच ठेवला, तर वडिलांच्या मजुरीत थेट कपात होईल, आणि ती कपात बैलाच्या नावाने झाली म्हणून त्यांना गोड लागणार नाही. कमी भरतीची अट आणि त्या प्रमाणात वाढीव वाहतूक दर, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात, एकाच परिच्छेदात असतील, तरच मी यात आहे. पहिली मान्य आणि दुसरी विचाराधीन, असे उत्तर आले तर निवेदन मागे घ्यायचे, हेही आधी लिहून ठेवावे.

वडील गेल्या दोन हंगामांच्या पावत्या हिशेबासाठी एका पत्र्याच्या डब्यात ठेवतात, कारण मुकादमाच्या वहीवर त्यांचा विश्वास नाही. दिवाळीनंतर ते निघतील. त्याआधी कोणी गावी आले तर डबा उघडून देईन, मात्र पावत्या घरातच बसून उतरवून घ्याव्या लागतील. डबा घराबाहेर जाणार नाही.