क्षयाचा जंतू ‘तोच’ आहे, हे सीबीनॅटवरून कळते का?

प्रश्न (कसबा बावडा):
नमस्कार. इचलकरंजीत यंत्रमागावर काम केलेल्या माझ्या काकांना पूर्वी फुप्फुसाचा क्षय झाला होता आणि औषधांचा कोर्स त्यांनी पूर्ण केला होता. आता पुन्हा खोकला व ताप सुरू झाल्याने थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली; क्षयजंतू आढळले, मात्र रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला प्रतिरोध नाही, असा अहवाल आहे. त्याच घरातल्या चुलतभावाचाही अहवाल नेमका तसाच आला. तपासणी जनुकीय असताना, जुना जंतू उलटला की नवा लागला आणि भावाला तो काकांकडूनच मिळाला का, हे त्यातून कळायला नको का? डॉक्टरांनी काकांचा आणखी एक नमुना मागितला आहे.

उत्तर (प्रयोगशाळेत काम करणारा):
सीबीनॅट जंतूचा सगळा जनुकसंच वाचत नाही. थुंकीत दुप्पट द्रावण मिसळून, हलवून, पंधरा मिनिटांनी ते कार्ट्रिजमध्ये भरले की यंत्र सुमारे दोन तासांत दोनच गोष्टी सांगते: क्षयजंतूचा डीएनए आहे का, आणि ‘आरपीओबी’ जनुकातल्या ८१ अक्षरांच्या (डीएनएच्या घटकांच्या) तुकड्यात बदल आहे का. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बदल याच तुकड्यात सापडतो. म्हणजे दोन अगदी वेगळ्या वाणांचे (जंतूच्या उपप्रकारांचे) अहवालही अक्षरशः सारखे येऊ शकतात.

शिवाय मेलेल्या जंतूंचा डीएनएही यंत्राला दिसतो, त्यामुळे पूर्वी उपचार झालेल्या रुग्णात एवढ्या अहवालावर विसंबता येत नाही. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यात, मात्र जिवंत जंतूच वाढतात; दुसरा नमुना बहुधा त्यासाठी आणि एलपीए या दुसऱ्या जनुकीय तपासणीसाठी मागितला असावा. एलपीएच्या कागदी पट्टीवर नेहमीचा पट्टा उमटला नाही आणि बदलाचा उमटला, तर आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधाला प्रतिरोध आहे का, हेही कळते. बदल ‘कॅटजी’ जनुकात असेल तर प्रतिरोध सहसा तीव्र असतो, ‘आयएनएचए’ जनुकात असेल तर सौम्य, आणि तेव्हा वाढीव मात्रेचा उपयोग होऊ शकतो. उपचारांच्या दृष्टीने वाण कोणता यापेक्षा हे कळणे कितीतरी मोलाचे आहे.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका):
वाणाची ओळख हवी असेल तर संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो, आणि तो सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. हा जंतू फार सावकाश बदलतो. वर्षाकाठी सरासरी अर्धे अक्षर. म्हणून दोन नमुन्यांत पाचापर्यंतच फरक असतील तर अलीकडचा संसर्ग संभवतो आणि बारापेक्षा जास्त असतील तर थेट संबंध सहसा धरत नाहीत. काकांच्या बाबतीत जुना व नवा नमुना जवळजवळ सारखे निघाले तर जुनाच आजार उलटला, शेकडो फरक निघाले तर नवा संसर्ग. अडचण अशी की त्यासाठी पहिल्या आजाराच्या वेळचे कल्चर जपून ठेवलेले हवे, आणि केवळ थुंकीच्या स्लाइडवर निदान झाले असेल तर ते नसते. काका आणि भाऊ यांचे जंतू जुळले, तरी कोणाकडून कोणाला गेला हे त्यातून ठरत नाही; दोघांनाही तिसऱ्याच माणसाकडून लागलेला असू शकतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पहिल्या वेळचे कल्चर झाले होते का, याची चौकशी करतो. घरात चार वर्षांची पुतणी आहे, तिचे काय करावे?

उत्तर (प्रयोगशाळेत काम करणारा):
तिला आणि घरातल्या बाकी सगळ्यांना तपासणीसाठी लगेच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पाच वर्षांखालील मुलाला क्षय नाही अशी खात्री झाली की प्रतिबंधक औषध सुरू करतात, आणि त्यासाठी वाणाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.