वॅगनआरचं ऑइल घरीच बदलायचं आहे, पण चेंबरचा बोल्ट हलूनच नाही राहिला

धुऱ्यावरचा
नमस्कार भाऊ लोक. वणीकडच्या खेड्यातला आहे, २०१५ ची पेट्रोल वॅगनआर, ७२ हजार किमी. मागच्या वेळी एका गॅरेजमध्ये ऑइल बदलवलं, बिलात फिल्टरचे पैसे लावले अन् फिल्टरवर मी आधी केलेला पेंटचा ठिपका जसाच्या तसा! विचारलं तं म्हणे नवीनच आहे. म्हणून म्हणलं आता आपणच करू. काल जॅक लावून खाली गेलो तं चेंबरचा बोल्ट, जिथून जुनं ऑइल खाली सोडतात थो, जाम, फिक्स पाना लावला तं कोपरे गोल व्हायला लागले, सोडून दिलं. अन् घरी ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० अर्धा कॅन पडून आहे, बाबा म्हणते थेच टाक, इकडं उन्हाळ्यात ४५ डिग्री तापते, पातळ ऑइल काऊन आणतं. काय करू?

गोटीपाना
पहिले तं एकट्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपू नका भाऊ, जॅक सरकला की संपलं. स्टँड नसंल तं समोरची दोन चाकं जाड फळ्यांवर चढवा, मागच्या चाकाले दगड, हँडब्रेक, गिअरमध्ये. बोल्टले फिक्स पाना कधीच नाही लावायचा, सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा अन् लांब दांडा. गाडी ५-१० मिनिटं चालू ठेवून बंद करा, कोमट ऑइल भराभरा निघते, पण उकळतं असताना उघडाल तं हात भाजंल. अन् एक विचारतो, कोणत्या बाजूनं फिरवून राहिले? खालून पाहताना बोल्टचं डोकं तुमच्याकडं असते, घड्याळाच्या उलटं फिरवायचं. वरून वाकून हात घातला की भलेभले चुकतात, मी स्वतः एकदा कसून ठेवला होता.

काळी माती
बाबांचं चुकत नाही पण अर्धंच बरोबर आहे. १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० मधले समोरचे १५ अन् ५ हे आकडे थंड इंजिन सुरू होतानाचे, मागचा ३० किंवा ४० म्हणजे १०० डिग्रीले ऑइल किती घट्ट राहते त्याचा. थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान ठरावीक ठेवते, बाहेर वणी असो की महाबळेश्वर. म्हणून बाहेरच्या उन्हावर नका ठरवू, गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड आहे तोच घ्या. ट्रॅक्टरच्या डिझेल ऑइलमधले काही घटक पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधल्या कॅटेलिटिक कन्व्हर्टरले (धूर साफ करणाऱ्या भागाले) बाधतात, एकदा टाकलं तं इंजिन बसणार नाही, पण सवय लावू नका. आपल्याकडं खरा शत्रू धूळ आहे, कोळशाच्या ट्रकांच्या मागं रोज जात असाल तं एअर फिल्टर आधी पाहा.

वऱ्हाडी पाव्हणा
फिल्टरचं कोणी सांगितलंच नाही. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनलेच चिकटून राहिलं का थे बोटानं पाह्यजा, त्याच्यावर दुसरं बसलं तं दाबानं सगळं ऑइल रस्त्यावर. नव्याच्या रबरले थोडं ऑइल चोपडा, हातानं टेकेपर्यंत फिरवा, मंग अजून पाऊण फेरा, बस. पाना लावून कसू नका, पुढच्या वेळी निघणार नाही. जुना जाम असंल तं भोवती पॉलिश पेपर गुंडाळून पकडा. बोल्टचा वायसर नवा टाका अन् जीव लावून पिळू नका, चेंबरचे आटे गेले तं खर्च ऑइलपेक्षा जास्त.

धुऱ्यावरचा
झालं राजेहो! बोल्ट मी खरंच उलटा पिळून राहिलो होतो 🙏 गोटी अन् ट्रॅक्टरच्या जॅकचा दांडा लावला, एका झटक्यात सुटला. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं होतं, थेच आणलं. अडीच लिटर टाकून ऑइल मोजायची पट्टी पाह्यली, मंग थोडं थोडं करून वरच्या खुणेच्या जरा खाली ठेवलं. एक मिनिट चालवून खाली वाकलो, कुठंच थेंब नाही. सपाट जागेवर आणून पाच मिनिटांनी परत पट्टी पाह्यली, लेव्हल बरोबर.
जळकं ऑइल बाबांनी डबकीत भरून ठेवलं, म्हणे कोठ्याच्या खांबाले वाळवी लागते, त्याले लावू.

काळी माती
विहिरीजवळच्या खांबाले नका लावू, पावसात उतरून पाण्यात जाते. उरलेलं जुनं ऑइल घेणाऱ्या मोठ्या गॅरेजवाल्याले द्या.

धुऱ्यावरचा
खांब विहिरीपासून दोन एकर लांब आहे भाऊ. पण बाबांले सांगतो, ऐकले तं.